वरून ग्रीस की खालून तेल? जुन्या वाघिणींच्या ॲक्सल बॉक्समधील वंगणाचा तुलनात्मक आढावा

जुनी चारचाकी वाघीण, म्हणजे मालडबा, किंवा जुना प्रवासी डबा दुरुस्त करून पुन्हा रुळांवर चालवायचे ठरले की लाकूड, रंग आणि ब्रेक यांची चर्चा आधी होते आणि ॲक्सल बॉक्सची, म्हणजे आसाच्या टोकांवर बसणाऱ्या पेट्यांची, सर्वांत शेवटी. वास्तविक ते वाहन धडपणे धावणार की थोड्याच अंतरावर धूर सोडत उभे राहणार, हे या चार लोखंडी पेट्यांमध्येच ठरत असते. एकोणिसाव्या शतकातील रेल्वेने त्यांच्या वंगणासाठी मुख्यतः तीन पद्धती वापरल्या: वरच्या कप्प्यातून पाझरणारे ग्रीस, पेटीच्या तळाशी तेलात भिजवून दाबून भरलेले वेस्ट (टाकाऊ सुताचा गुंता), आणि तेलाच्या साठ्यातून तेल ओढून आसाला खालून टेकून राहणारी गादी. कोणती पद्धत ठेवायची किंवा स्वीकारायची याचा विचार करणाऱ्यांसाठी हा आढावा लिहिला आहे.

आधी रचना लक्षात घ्यावी. बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्यावर फिरते, त्यामुळे चाक थोडे बाहेर सरकवून गाडीखाली टांगलेल्या नळीतले वंगण हाताने लावता येते. रेल्वेत चाके आसावर घट्ट बसवलेली असतात आणि अख्खा आसच फिरतो. चाकाच्या बाहेर आलेले त्याचे गुळगुळीत टोक म्हणजे जर्नल. वाहनाचा भार स्प्रिंगमधून पेटीवर आणि पेटीतून पितळी बेअरिंगवर येतो. हे बेअरिंग, ज्याला कारखान्यात नुसते ‘ब्रास’ म्हणतात, जर्नलच्या फक्त वरच्या बाजूला बसते, कारण भार वरूनच येतो. जर्नलची खालची बाजू उघडी असते. वंगण या उघड्या बाजूने द्यायचे की ब्रासला भोके पाडून वरून द्यायचे, हाच तिन्ही पद्धतींमधील खरा फरक आहे.

वरून देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुळली. लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली. तिचे चिटणीस हेन्री बूथ यांनी १८३५ मध्ये आसाच्या ग्रीसचे पेटंट घेतले. गुरांची चरबी, पाम तेल, धुण्याचा सोडा आणि पाणी एकत्र शिजवून केलेले हे पिवळसर, साबणासारखे मिश्रण पुढे अनेक दशके ब्रिटिश रेल्वेत वापरात राहिले. पेटीच्या वरच्या कप्प्यात ते हाताने भरत. जर्नल फिरू लागले, घर्षणाने पेटी कोमट झाली की ग्रीस मऊ होऊन ब्रासच्या भोकांतून खाली उतरत असे. पेटी अधिक तापली तर अधिक ग्रीस वितळते, म्हणजे कप्पा भरलेला आणि भोके मोकळी असतील तोवर ही रचना काही प्रमाणात स्वतःच स्वतःला सावरते. शिवाय वाहन महिनोन्महिने साइडिंगला उभे राहिले तरी ग्रीस गळून जात नाही, आणि पेटीचा तळ तेलबंद नसला तरी चालते.

तोटाही याच गुणात दडलेला आहे. पेटी गरम झाल्याशिवाय वंगण उतरत नाही, म्हणून निघताना जर्नल जवळजवळ कोरडेच असते. थंडीत ग्रीस घट्ट होई आणि गाडी हलवणे इंजिनाला जड जाई, त्यामुळे उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी चरबी व पाणी यांचे प्रमाण बदलून वेगवेगळी मिश्रणे करावी लागत. धावत असतानाही काही उष्णता निर्माण होत राहिलीच पाहिजे, आणि ती उष्णता शेवटी इंजिनाच्या कोळशातून येते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण तिच्याकडे सहज दुर्लक्ष होऊ शकते. जुन्या ग्रीसच्या पेटीत आजचे बाजारातले लिथियम ग्रीस भरू नये. चरबी साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसला वितळते आणि पेटीची सगळी रचना त्या गुणावर बेतलेली आहे. लिथियम ग्रीस मात्र सुमारे १८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळून वाहत नाही. ते वरच्या कप्प्यात तसेच थिजून बसते, खालचे जर्नल कोरडे फिरते, आणि कप्पा भरलेला दिसत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. ग्रीसची पेटी ठेवायची असेल तर कमी तापमानाला मऊ होणारे, चरबी आणि साबण यांवर आधारलेले मिश्रणच तयार करून घ्यावे लागेल. ते मिळण्याची सोय नसेल तर हा पर्याय तिथेच बाद समजावा.

वरून वंगण देण्यात मुळातच काय अडचण आहे, हे १८८३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससमोर मांडलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. बोशां टॉवर या अभियंत्याने ४ इंच व्यासाचे आणि ६ इंच लांबीचे जर्नल घेतले आणि रेल्वेप्रमाणेच त्याच्या वरच्या बाजूला ब्रास बसवून त्यावर भार दिला. जर्नलची खालची बाजू तेलात बुडालेली असताना घर्षण अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. नंतर वंगणाच्या पेल्यासाठी ब्रासच्या माथ्यावर भोक पाडले, तर त्यातून तेल खाली जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले. भोकात लाकडी गुडदी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. दाबमापक जोडल्यावर त्याचा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला, आणि भाराचा सरासरी दाब मात्र सुमारे १०० पौंडच होता. म्हणजे फिरणारे जर्नल खालचे तेल स्वतःबरोबर ओढून ब्रासखाली पाचरीसारखे सारते आणि त्या तेलाच्या पातळ थरावर सगळा भार तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती मांडली.

आता ग्रीसच्या पेटीकडे पुन्हा पाहावे. तिची भोके नेमकी माथ्यावर, म्हणजे जिथे तेलाचा दाब सर्वाधिक असायला हवा तिथेच आहेत. चांगला थर तयार होत असेल तर वरून काही उतरणार नाही, आणि वरून उतरते आहे याचा अर्थ खाली चांगला थर नाही. माझ्या मते ग्रीसच्या पेटीची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही. जुनी पेटी तेलावर बदलून घेणाऱ्यांसाठी यातून एक व्यावहारिक सूचनाही निघते: ग्रीससाठी माथ्यावर भोके पाडलेला ब्रास तसाच ठेवून खालून तेल देऊ नये, कारण त्या भोकांतून दाब निसटतो आणि थर तुटतो. ब्रास नवा, माथ्यावर अखंड असलेला हवा. तळाशी तेल धरून ठेवणारी पेटी आणि आसाच्या मागच्या बाजूचे धूळरोधकही नव्याने करावे लागतील. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

खालून तेल देण्याचा सर्वांत सोपा मार्ग अमेरिकेत सर्वत्र पसरला. पेटीच्या तळाशी तेल आणि त्यात भिजवलेले वेस्ट, म्हणजे गिरणीतील टाकाऊ सुताचा किंवा लोकरीचा गुंता, जर्नलला खालून भिडेल असे भरायचे आणि पुढचे बिजागरीचे झाकण लावायचे. समईची वात जसे तेल वर ओढते तसेच हे धागे ओढतात. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेतून प्रसिद्ध झालेल्या, कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर ब्रासला देण्याची पद्धत पुढे रूढ झाली आणि ती या वंगणाला चांगली जुळली. वेस्टला खास सुटे भाग लागत नाहीत. बादलीभर तेल, पोतेभर वेस्ट आणि एक आकडी असली की कुठल्याही यार्डात पेटी पुन्हा भरता येते.

पण ते भरणे हे कसबाचे काम आहे. वेस्ट तेलात पुरेसे मुरवून नंतर निथळू द्यावे लागते. मागच्या बाजूला घट्ट पीळ घालून एक वळकटी बसवावी लागते, म्हणजे तेल बाहेर जात नाही आणि धूळ आत येत नाही. उंची जर्नलच्या मध्याच्या वर जाऊ द्यायची नाही. सैल भरले तर वेस्ट खाली बसते आणि जर्नल कोरडे पडते. जास्त भरले तर एखादा धागा जर्नलबरोबर ओढला जाऊन ब्रासखाली अडकतो आणि तेलाचा थर पुसून टाकतो. मग पेटी तापते, वेस्ट पेट घेते, मऊ अस्तर वितळते, आणि वेळीच लक्षात आले नाही तर जर्नलच तुटून वाहन रुळांवरून घसरते. कापसाचे वेस्ट तेल चांगले ओढते, पण दबून बसते. लोकरीला स्प्रिंगसारखा ताठपणा असल्यामुळे ते जर्नलला टेकून राहते. म्हणून निवड करायचीच असेल तर लोकरीचे प्रमाण अधिक ठेवावे. अमेरिकन मालडब्याला आठ पेट्या असतात, म्हणजे चाळीस डब्यांच्या गाडीला तीनशे वीस, आणि त्यांतली एक जरी चुकीची भरली गेली तरी सगळी गाडी थांबते. भारतातही साध्या बेअरिंगच्या चारचाकी वाघिणी दीर्घकाळ धावल्या आणि धुळीचा उन्हाळा व पावसाळ्याचे पाणी यांत त्यांच्या पेट्या सांभाळणे हे कॅरेज अँड वॅगनच्या, म्हणजे डबे व वाघिणी सांभाळणाऱ्या विभागाच्या, माणसांचे रोजचे काम होते. ‘हॉट ॲक्सल’, म्हणजे तापलेली पेटी, हा शब्द रेल्वेच्या बोलीत इतका पक्का बसला तो त्यामुळेच.

तिसरी पद्धत गादीची. लोकरीचे विणलेले किंवा नमद्याचे जाड पृष्ठ एका चौकटीवर बसवलेले असते, खालून स्प्रिंग ते जर्नलला हलके दाबून धरतात आणि गादीच्या शेपट्या तेलात लोंबत राहतात. सुटे धागे नसल्यामुळे ते ब्रासखाली अडकण्याचा धोका फार कमी होतो आणि भरणाऱ्याच्या कसबावरचे अवलंबित्वही घटते. टॉवरच्या प्रयोगांत गादीवरचे घर्षण तेलाच्या कुंडातल्या घर्षणाच्या साडेसहा पट, तर वरून वातीने दिलेल्या तेलाचे सुमारे सात पट आले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. म्हणजे केवळ गादी बसवली म्हणून चमत्कार होत नाही, ती जर्नल किती ओले ठेवते यावर सगळे अवलंबून असते. गादीचे पृष्ठ काळाने चकचकीत आणि कडक होते, मग तेल वर येत नाही. दुसरा शत्रू पाणी: ते तेलाखाली साचते, तेल त्यावर तरंगते, आणि तळाशी बुडालेल्या शेपट्या तेलाऐवजी पाणी ओढू लागतात. पावसाळ्यानंतर प्रत्येक पेटीचा तळ रिकामा करून पाहणे म्हणूनच अटळ आहे.

ब्रिटनमध्ये रेल्वे क्लिअरिंग हाउस या रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेने ठरवलेल्या १९२३ च्या प्रमाण वाघिणीला तेलाच्या पेट्या होत्या, तरी जुन्या कोळसा-वाघिणींवर ग्रीस त्यानंतरही बराच काळ दिसत राहिले. मला यामागे हिशेबाचे कारण दिसते. खासगी वाघिणीचा मालक खाणवाला असे, आणि ती ओढण्यात वाया जाणारा कोळसा रेल्वे कंपनीच्या इंजिनात जळत असे. स्वस्त पेटी बदलून चांगली घेण्याची घाई मालकाला असण्याचे कारण नव्हते. आपले वाहन ओढणारे इंजिनही आपलेच असेल तर हा हिशेब उलटा होतो.

तेलाच्या निवडीबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या काळात रेप या मोहरीसारख्या पिकाच्या बियांचे किंवा स्पर्म देवमाशाचे तेल वापरत आणि भारतात एरंडेलही वंगणासाठी वापरले गेले. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये विहीर लागल्यानंतर खनिज तेल स्वस्त झाले. वनस्पतिज आणि प्राणिज तेले उभ्या वाहनातही धातूला चिकटून राहतात, म्हणून निघताना उपयोगी पडतात, पण ती आंबतात, चिकट होतात आणि त्यांतील आम्ल पितळ खाते. आजच्या कामासाठी हवामानाला साजेसे जाड खनिज तेल घ्यावे.

रोलर बेअरिंगचा पर्याय नियमित आणि वेगवान वाहतुकीसाठी निर्विवादपणे श्रेष्ठ आहे, पण त्यासाठी जर्नल आणि पेटी दोन्ही बदलावी लागतात आणि जुन्या वाहनाचे जुनेपणच जाते. तो वेगळा निर्णय आहे.

माझा सल्ला असा आहे. वाहन संग्रहालयात उभे राहणार असेल आणि वर्षातून चारदोनदा यार्डातल्या यार्डात हलणार असेल, तर मूळची ग्रीसची पेटी योग्य मिश्रणासह तशीच ठेवावी. तिथे तिचे सगळे गुण उपयोगी पडतात आणि दोष जाणवत नाहीत. ते प्रवासी घेऊन काही किलोमीटर नियमित धावणार असेल, तर खर्च करून गादी आणि अखंड ब्रास बसवावा. वेस्ट दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तरच निवडावे: मूळ वाहनच त्या पद्धतीचे असेल आणि पेटी भरण्याचे काम शिकलेला माणूस दर फेरीला हजर राहणार असेल. असा माणूस महिन्यातून एकदाच येऊ शकत असेल, तर मूळपणाचा आग्रह सोडून त्याच पेटीत गादी बसवणे मला अधिक जबाबदारीचे वाटते.

कोणतीही पद्धत घेतली तरी पहिल्या दिवशी एकदोन किलोमीटर हळू चालवून थांबावे आणि चारही पेट्यांवर तळहाताची मागची बाजू आधी जवळ नेऊन मग हलकेच टेकवून पाहावी. सगळ्या सारख्याच कोमट असतील तर पुढे जावे. एखादी बाकीच्या तिघींपेक्षा गरम लागली, तर तेवढ्यात आणखी तेल ओतून न निघता तिचा ब्रास काढून माथ्यावर कुठे घासल्याची खूण आहे ते आधी पाहावे.