टॅपेट कव्हर पॅकिंग किट आणि इरिडियम प्लग: पैसे कुठे घालावेत

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासाठी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग किट आणि चार इरिडियम स्पार्क प्लग अशी जोडखरेदी करणारे बरेच असतात. बेत चांगला आहे, प्लगवर बसलेल्या, त्यांना वीज देणाऱ्या कॉइल एकदाच काढाव्या लागतात. मात्र सगळा वेळ प्लगची जाहिरात वाचण्यात जातो आणि किट जे हाताला येईल ते उचललं जातं. नेमकं उलट करायला हवं.

किटमध्ये कडेचं लांब पॅकिंग, प्लग होलचे (प्लग ज्या भोकात बसतो त्याचे) चार गोल सील आणि बोल्टखालचे रबरी वॉशर, हे तिन्ही हवेत. नुसतं कडेचं पॅकिंग असलेलं किट घेऊच नका. कडेचं पॅकिंग गळलं तर निदान कळतं: इंजिनाच्या अंगावर ओघळ दिसतो, एक्झॉस्टवर ऑइल पडून जळका वास येतो. सील गळलं तर ऑइल गुपचूप प्लग होलमध्ये साचतं, कॉइलचं रबरी बूट फुगून मऊ पडतं, ठिणगी आडवाटेने बॉडीला जाते आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एखादा कोड येतो, मग कॉइल बदलली जाते आणि काही दिवसांनी तीही ऑइलमध्ये भिजते. काही इंजिनांत हे सील कव्हरमध्येच बसवलेले असतात, सुटे मिळत नाहीत. तिथे अख्खं कव्हर घ्यावं लागतं, म्हणून किट मागवण्याआधी आपल्या इंजिनाचा पार्ट नंबर तपासा.

रबर कोणतं, हा दुसरा प्रश्न. नायट्राइल ऑइलला पुरून उरतं, पण सतत १०० अंशांच्या वर तापलं की हळूहळू कडक होतं. काढताना प्लॅस्टिकसारखे तुकडे पडतात ते हेच. अ‍ॅक्रिलिक रबर साधारण १५० अंशांपर्यंत तग धरतं. किटच्या वर्णनात रबराचा प्रकारच दिलेला नसेल तर गाडीच्या कंपनीचं पॅकिंग घेतलेलं बरं. हातात आल्यावर साच्याच्या जोडावर रबराचे पापुद्रे राहिलेत का ते बघा, आणि कव्हर उलटं ठेवून पॅकिंग खोबणीत दाबून बघा. चांगलं पॅकिंग कव्हर फिरवल्यावरही खाली पडत नाही. कोपऱ्यात फुगवटा येत असेल तर ते लांबीला जास्त आहे. कापून बसवायचा मोह टाळा आणि परत करा.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं. कॉइल काढल्यावर प्लग होलमध्ये हवा मारा, ऑइल साचलं असेल तर कापडाने किंवा सिरिंजने शोषून घ्या. जुने प्लग मात्र तूर्त तिथेच राहू द्या. कव्हरचं काम चालू असताना सिलिंडरचं तोंड बंद ठेवणारं त्यांच्याइतकं चांगलं झाकण दुसरं नाही. हेडची, म्हणजे ज्या भागावर कव्हर बसतं त्याची, कड प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी पट्टीचा एक ओरखडासुद्धा गळतीची वाट होतो. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हर आणि हेड मिळतात त्या सांध्यांवर आणि कॅमच्या कॅपच्या कोपऱ्यांत, एकेक छोटा ठिपका, आणि साधारण पाच मिनिटांच्या आत कव्हर बसलं पाहिजे. पॅकिंगभर सिलिकॉन थापू नका, आत पिळून निघालेले त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या गाळणीत जाऊन बसतात. बोल्ट मधून बाहेर, आडवेतिडवे, दोन फेऱ्यांत आवळा. बऱ्याच इंजिनांत टॉर्क (आवळण्याचा जोर) ८ ते १० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे मनगटाच्या जोरापेक्षा फारसा जास्त नाही. प्लॅस्टिकचं कव्हर इथेच तडकतं.

आता प्लग. डब्यावर ‘इरिडियम’ लिहिलं म्हणजे १,००,००० किमी चालेलच असं नाही. मधलं टोक इरिडियमचं आणि बाजूचं साध्या निकेलचं असेल तर निकेल आधी झिजतं. जास्त आयुष्य हवं असेल तर दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेलाच प्लग घ्या. साध्या निकेलच्या प्लगपेक्षा तरच तो परवडतो. गाडी कमी फिरत असेल तर निकेलचाही काही दोष नाही.

हीट रेंजचा, म्हणजे प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा, आकडा अंदाजाने जुळवू नका. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलट. डेन्सोचा २० म्हणजे साधारण एनजीकेचा ६. नकली मालही भरपूर आहे: अस्सल प्लगचे आटे गुळगुळीत असतात आणि वॉशर सहजासहजी निघून येत नाही. रेझिस्टर प्लग (आत विद्युतरोध असलेला) मल्टिमीटरवर काही किलो-ओहम दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर तो प्लग लावू नका.

गॅप, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, फक्त तारेच्या गेजने तपासा. नाण्यासारखा गोल गेज इरिडियमचं ०.६ मिमीचं टोक मोडतो. प्लग रबरी नळीत खोचून हाताने फिरवत उतरवा, म्हणजे आटे चुकले तर नळी घसरते, हेड वाचतं. वॉशरवाल्या नव्या प्लगचा टॉर्क साधारण १४ मिमी आट्यांना २५ ते ३०, १२ मिमी आट्यांना १५ ते २० न्यूटन-मीटर. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना कॉपर ग्रीस लावायची जुनी सवय सोडा. मुलामा असलेल्या आट्यांना त्याची गरज नसते, शिवाय घर्षण कमी झाल्याने तोच टॉर्क प्लगला जास्त आवळतो.

किटमध्ये नसलेली, पण त्याच दिवशी बघायची वस्तू म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनाच्या पोटातले (क्रँककेसमधले) वायू बाहेर सोडणारी झडप. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब वाट शोधतो आणि नवंकोरं पॅकिंगही गळू लागतं. मग शिव्या किटला पडतात.

‘फुल गास्केट सेट’ (इंजिनाची सगळी पॅकिंगं) स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. हेड गास्केटसाठी हेडचा सपाटपणा मापावा लागतो, बोल्ट टॉर्क आणि अंशांच्या हिशेबाने ताणावे लागतात. ते दुपारचं काम नव्हे.

आठवडाभराने कॉइल उचलून टॉर्चने प्लग होलमध्ये डोकवा. कोरडं दिसलं तर ठीक. ओलावा दिसला तर बोल्ट आणखी आवळू नका: अनेक कव्हरच्या बोल्टला खांदा असतो, तो टेकल्यावर रबर आणखी दबत नाही, फक्त आटे जातात. कव्हर उघडून सील तिरका बसलाय का ते बघा. बहुतेक वेळा एका बाजूला दुमडलेलाच सापडतो.