देखणे रिव्हेट, गंजलेला कॅम आणि माझे ३४,९४० डॉलर

आधी आकडे सांगतो, म्हणजे "नक्की किती गेले?" हे कुणी परत विचारायला नको. अर्धवट बांधलेलं दोन आसनी, धातूच्या पत्र्याचं विमान: १९,५०० डॉलर. "ओव्हरहॉलनंतर शून्य तास" म्हणून गळ्यात मारलेलं १८० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३६० एंजिन: १३,८०० डॉलर. ट्रेलरचं भाडं १,६४०. एकूण ३४,९४०. खरेदीआधी सगळं उलटंपालटं करून बघायचे एका मेकॅनिकने ४५० मागितले होते. ते मी वाचवले!

विकणाऱ्याची गोष्ट तुम्ही न ऐकताही सांगाल. तब्येत बरी नाही, घर विकायचंय, गॅरेज महिनाअखेर रिकामं करायचंय, टेक्सासचा एक जण शनिवारी रोख घेऊन येतोय. २,००० "धरून ठेवायला", बाकीचे १७,५०० बँकेतून थेट, एंजिनाचा हिशेब वेगळा. तिऱ्हाइताच्या खात्यात पैसे ठेवू म्हटलं तर म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" या वाक्याला माणसाने तिथल्या तिथे "नाही" म्हणावं.

आता "इतका अनुभवी असून कसा फसलास" म्हणणाऱ्यांसाठी. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. नव्या किटसाठी, म्हणजे घरी जुळवायच्या विमानाच्या सुट्या भागांसाठी, आगाऊ रक्कम भरून बसणं हे तरी कुठे सुरक्षित आहे? सत्तरच्या दशकात बीडी-५ नावाचं किट-विमान घेणाऱ्यांना किट मिळाली, एंजिनं मिळाली नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्ससारख्या किट बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं आणि आधी पैसे भरलेल्यांना किट हवं असेल तर वाढीव भाव मान्य करावा लागला. त्यापेक्षा जमिनीवर समोर पडलेला, हाताला लागणारा माल बरा, हा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त हाताला लागलेला माल मी हाताने पुसून बघितला नाही.

रिव्हेटकडे येतो, कारण माझा खरा जळफळाट तिथे आहे.

या विमानांचे पत्रे जोडायला बसतात ते 'एडी' जातीचे रिव्हेट, २११७-टी४ मिश्रधातूचे. डोक्याच्या मधोमध सुईने टोचल्यासारखा बारीक खळगा असतो, तीच त्यांची खूण. त्याच मापात, त्याच आकारात 'ए' जातीचेही मिळतात. ते जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांचं डोकं कोरं असतं. कातर-ताकद एडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी. ज्याला भार घ्यायचाच नाही अशा किरकोळ जागी ते चालतात. पंखाच्या फासळीला पत्रा धरून ठेवायला चालत नाहीत. पण ठोकायला? लोणी! एडीला हवेच्या गनचे नीट मोजून ठोके द्यावे लागतात, मागून टेकवलेला लोखंडी ठोकळा (बकिंग बार) जरा कलला की ठोकून तयार होणारं मागचं डोकं तिरकं होतं, जास्त ठोकलं की चपटं होऊन कडेला चिरतं. 'ए' दोन फटक्यांत गोल, चकचकीत, सगळे एका साच्यातले. १/८ इंची रिव्हेटचं मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे ३/१६ आणि १/१६. याच्याकडचं प्रत्येक डोकं मापात होतं. मी गेज लावून बघत गेलो आणि तोंडाने म्हणालो, "काय सुंदर हात आहे तुमचा!" चोराच्या गॅरेजमध्ये उभं राहून चोराचं कौतुक.

त्याच्याही आधीची गोष्ट जास्त लागते. त्याने ६४ फोटो पाठवले होते. डाव्या पंखाच्या खालच्या पत्र्याचा एक फोटो मी मोठा करून पाहिला. रिव्हेटच्या डोक्यांवर खळगा दिसेना. पत्र्यावर करडा प्रायमर होता. मी स्वतःला काय सांगितलं? "प्रायमरने भरला असेल." प्रायमरचा थर केसाहून पातळ असतो, त्याने खळगा बुजत नाही, हे मला माहीत आहे. बाहेरचा रंग विमान पुरं होत आलं की मग लावतात, मग अर्धवट पंखाला बाहेरून प्रायमर कशाला, हाही प्रश्न पडायला हवा होता. पडलाही होता. मी त्याला बसवून ठेवलं. तिथे प्रत्यक्ष तीन तास होतो. कॅनपीला, म्हणजे बैठकीवरच्या पारदर्शक झाकणाला, ओरखडे आहेत का पाहिलं, बांधणीच्या सांगाड्याचे (जिगचे) पाय सरळ आहेत का पाहिलं. खिशातल्या रुमालाला अ‍ॅसिटोन लावून चार रिव्हेट पुसायला दहा सेकंद लागले असते. ती दहा सेकंदं १९,५०० डॉलरची. कुठेही जाल तेव्हा अ‍ॅसिटोनची बाटली, चिंधी आणि भिंग घेऊन जा. मालक नको म्हणाला तर गाडीत बसा आणि निघा.

कळलं कसं? एक रिव्हेट जरा तिरका वाटला म्हणून काढायला घेतला. ४० नंबरचं ड्रिल डोक्यावर टेकवलं, तर एडीचा तुटक भुगा पडायच्या ऐवजी मऊ, लांब वळी निघाली. पुसून पाहिलं, डोकं कोरं. शेजारचं कोरं. तीन फासळ्यांवरचे सगळे पुसले, एकालाही खळगा नाही.

"काढून नवे बसव" असा सल्ला देणाऱ्यांनी आधी हजारभर रिव्हेट काढून दाखवावेत. डोकं ड्रिलने सैल करायचं, पंचने उडवायचं, दांडा हलक्या हाताने बाहेर ढकलायचा. ड्रिल मधून जरा सरकलं की डिंपल केलेलं (डोकं बसायला खोलगट दाबलेलं) भोक लांबट होतं. मोठ्या मापाचा रिव्हेट घालायचा तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट जागा हवी, आणि फासळीच्या अरुंद पट्टीवर ती उरत नाही. इंधनाच्या टाक्यांच्या शिवणींत पॉलिसल्फाइडचं सीलंट. ते उकलायचं म्हणजे नवी टाकी बांधणं बरं. पंख मोडीत गेले, दुसरा शब्द नाही.

शेपटीच्या बिजागरांत हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट निघाले. विमानासाठीच्या प्रमाणित, म्हणजे एएन, बोल्टच्या डोक्यावर उठावाची फुली असते, यांवर तीन रेघा होत्या, म्हणजे ग्रेड ५. लोक म्हणतात तसे ते फार कमजोर नसतात, ताणाची ताकद जवळपास तेवढीच भरते. घोळ वेगळा आहे. एएन बोल्टचा गुळगुळीत दांडा पत्र्याच्या जाडीप्रमाणे मापून घेतात, हे आटे वरपर्यंत कापलेले. आटे भोकाच्या आत टेकतात, किसणीसारखे घासत भोक मोठं करतात आणि बिजागर खुळखुळायला लागतं. तो मात्र ऐटीत म्हणाला होता, "टॉर्क करून बसवलेत," म्हणजे मोजक्या जोराने आवळून.

मंडळी, कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी विमान उभं केलं तेव्हापासून भारतातून विचारणा होते, अमेरिकेत अर्धवट किट स्वस्तात मिळेल का, कंटेनरने पाठवता येईल का. यादवांना नोंदणीसाठी २०१७ पर्यंत झगडावं लागलं. पत्र्याइतकंच कागदांनाही जपा. माझी दुसरी फसवणूक कागदांतच झाली.

इथे हौशी बांधणीचं प्रमाणपत्र हवं तर विमानाचा अर्ध्याहून मोठा भाग कुणीतरी हौसेने किंवा शिकण्यासाठी बांधलेला असावा लागतो. तसं लिहून द्यावं लागतं, फॉर्म ८१३०-१२. अर्धवट प्रकल्प विकत घेतला तरी चालतो, आधीच्या हौशी बांधणाऱ्याचं काम धरलं जातं. पण ते सिद्ध करायला त्याची बांधणीची वही, तारखा आणि काम चालू असतानाचे फोटो लागतात. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी बांधणाऱ्याचं काम या मोजणीत धरत नाहीत. मला मिळालेल्या वहीत सात महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारख्या. फोटोंत मागे भिंतीला टेकून आणखी दोन विमानांचे तसेच पंख उभे होते. हौशी माणसाच्या गॅरेजमध्ये तीन विमानांचे पंख? मी समजलो, मित्रमंडळी मिळून बांधत असतील. कारखाना होता तो, गुपचूप चालवलेला. प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या सरकारी प्रतिनिधीने वही चाळली आणि म्हणाला की एवढ्यावर मी सही करणार नाही. त्याचं चुकलं नाही.

किटवर क्रमांक असतो. पैसे देण्याआधी किट बनवणाऱ्या कंपनीला फोन करून तो कुणाच्या नावावर आहे ते विचारा. मी नंतर विचारलं. नाव तिसऱ्याच माणसाचं निघालं.

एंजिन. त्याच्या लॉगबुकात एक ओळ: "मॅन्युअलप्रमाणे ओव्हरहॉल केले." खाली सही, पण परवान्याचा क्रमांक नाही. कोणते भाग बदलले त्याची यादी नाही, मोजमापं नाहीत, नव्या भागांचे टॅग नाहीत. एंजिन पूर्ण सोडवून, साफ करून, तपासून, दुरुस्त करून, परत जुळवून चाचणी घेतल्याशिवाय 'ओव्हरहॉल' हा शब्द लिहिताच येत नाही, असा नियम आहे. शब्द मात्र फुकट मिळतो. स्पार्क प्लगच्या भोकांत त्याने ओलावा शोषणारे प्लग लावले होते, आतले दाणे गडद निळे. निळे म्हणजे कोरडे, गुलाबी म्हणजे ओल. मी खूश. प्लग आदल्या आठवड्यात बसवले असतील हे डोक्यात आलं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती धरून ठेवतो ते, ८० पैकी ७६-७७. तेही उत्तम, आणि तेही निरुपयोगी. ती चाचणी करताना झडपा बंद असतात, झडपा उघडणाऱ्या कॅमची तब्येत त्यात दिसतच नाही.

लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वर बसतो. एंजिन पडून राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि सर्वांत आधी तो कोरडा होऊन गंजतो. सिलिंडर काढला तर कॅमच्या उंचवट्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, त्यावर टेकणाऱ्या टॅपेटचा पृष्ठभाग पापुद्रे सुटलेला. तो बदलायला केसिंग फोडावं लागतं, म्हणजे ओव्हरहॉलच. सिलिंडर न काढताही कळलं असतं. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनची जाड खपली होती. शून्य तासांच्या एंजिनात चाचणीपुरती काजळी धरते, खपली धरत नाही. ४० डॉलरचा बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) प्लगच्या भोकातून घातला की दोन मिनिटांत दिसतं. बोअरस्कोप घरी कपाटात होता.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. पोलीस ठाण्यात सांगितलं, माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद. मी रिव्हेट दाखवला. हवालदाराने तळहातावर घेऊन पाहिला आणि परत दिला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत. ऑनलाइन तक्रारीला एक क्रमांक आला, पुढे चार महिने शांतता. छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा माझ्या रकमेच्या खूप खाली. वकिलाला ५,००० आगाऊ आणि वर ताशी ३५०, त्यातून तो माणूस दुसऱ्या राज्यात निघून गेलेला.

आणि विमानांवर देखरेख ठेवणारं कार्यालय! लॉगबुकात खोटी नोंद करायला तिथल्याच नियमांत मनाई आहे. मी कलमासकट पत्र दिलं. उत्तर आलं की नोंदीत परवाना क्रमांक नाही, त्यामुळे कारवाई कुणावर करायची ते ठरवता येत नाही. म्हणजे खोटं लिहिणाऱ्याने स्वतःचा नंबर टाकला तरच तो सापडणार. पंखांचं विचारलं तर म्हणे, प्रमाणपत्र मिळेपर्यंत ते विमानच नाही, सुटे भाग आहेत, आणि सुट्या भागांचा व्यवहार आमच्याकडे येत नाही. पोलिसांच्या लेखी गुन्हा नाही, यांच्या लेखी विमान नाही. दोन्ही कार्यालयांत माणसं अगदी सौजन्याने बोलली. त्या सौजन्याचाच जास्त संताप आला. तीन फेऱ्या, अकरा ईमेल, आणि एकानेही खळगा नसलेला तो रिव्हेट भिंगाखाली धरला नाही.

वाचवलेल्या ४५० डॉलरवर परत येतो. ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेच्या सभासदाला तांत्रिक सल्लागार फुकट येऊन बघून जातो, तेवढीही तसदी मी घेतली नाही. सल्लागार बांधणी सुरू झाल्यावर बोलवायचा असतो, असं वाटायचं. खरेदीच्या आधी बोलवा.

हाती काय राहिलं: कॅनपी, चाकं-ब्रेक, मीटरांचा डबा. शेपटीचे पत्रे भंगारात, ८५ डॉलर. एंजिन 'कोअर' म्हणून, म्हणजे सोडवून पुन्हा बांधायचा जुना माल म्हणून, ४,६०० ला गेलं. घेणाऱ्याच्या पावतीवर मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं: कॅम गंजलेला, मोजमापं नाहीत, लॉगबुकातल्या ओव्हरहॉलच्या नोंदीवर विसंबू नये. त्याने ते न वाचता सही केली आणि विचारलं, "प्लगमधले दाणे निळेच आहेत ना?"