पंप कंट्रोलरसाठी रिसेट: आरसी, आतला ब्राउनआउट की सुपरवायझर आयसी?

लाइट आल्यावर बोर्ड नीट सुरू होतो का, एवढंच पाहून बरेच जण रिसेट सर्किट (प्रोसेसरला पहिल्यापासून सुरू करायला लावणारा भाग) पक्कं करतात. आरसी म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, ब्राउनआउट म्हणजे चिपच्या आतला कमी व्होल्टेज ओळखणारा डिटेक्टर, आणि सुपरवायझर म्हणजे सप्लायवर नजर ठेवणारी बाहेरची आयसी. टेबलावर तिन्ही प्रकार सुरू होतात. फरक दिसतो तो लाइट जाताना, त्यातही अर्धवट जाताना. घणसोली-कोपरखैरण्याच्या सोसायट्यांमधल्या पंपरूम पावसाळ्यात बघा: ट्यूब मिणमिणते, कॉन्टॅक्टर (पंपाचा मोठा रिले) सुटून परत बसतो, आणि तेवढ्या वेळात बोर्डावरचे ५ व्होल्ट साडेतीनपर्यंत घसरून वर येतात. त्या मधल्या पट्ट्यात प्रोसेसर पुरता बंद नसतो आणि भरवशाचाही नसतो. फ्लॅशमधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतली, सूचना चुकीची वाचली जाते, आणि नशीब फुटकं असेल तर ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपलेली टाकीची सेटिंग उडते.

आरसी सर्किटला हा पट्टा दिसतच नाही. ८०५१ घराण्यातल्या एटी८९एस५२ ला आपण वर्षानुवर्षं १० मायक्रोफॅरड आणि ८.२ किलोओहम लावत आलोय. टाइम कॉन्स्टंट साधारण ८२ मिलिसेकंद. शून्यापासून ५ व्होल्ट झटकन चढले तर उत्तम. पण सप्लाय साडेतीनवरून परत आला, तर कपॅसिटर बराचसा भरलेलाच असतो आणि रिसेट पिन पुरेशी वर जात नाही. सप्लाय सावकाश चढला तरी हीच गत. कॉलेजच्या प्रोजेक्टला चालेल. ज्या बोर्डाला रिले किंवा ईईप्रॉम आहे, तिथे मी आरसी लावणार नाही.

आतला ब्राउनआउट डिटेक्टर फुकट मिळतो, म्हणून आधी तोच तपासा. एटीमेगा३२८पी मध्ये १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट असे तीन टप्पे आहेत. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ३.८ च्या आसपास व्होल्टेज लागतं, म्हणजे ५ व्होल्टच्या बोर्डावर ४.३ घ्या; २.७ ठेवला तर धोक्याचा पट्टा मोकळाच राहतो. आणि कोरी चिप येते तेव्हा हा डिटेक्टर बंद असतो. फ्यूज, म्हणजे चिपमधली सेटिंगची बिट, सेट करावा लागतो. प्रॉडक्शनमध्ये प्रोग्रॅमची हेक्स फाइल चढवली आणि फ्यूज राहिला, तर टेस्टिंगमध्ये काही कळत नाही. पहिल्या पावसात तक्रारी येतात.

एसटीएम३२एफ१०३ ची गोष्ट वेगळी. त्याचा आतला रिसेट १.९ व्होल्टच्या आसपास लागतो. एकट्या चिपपुरतं ते ठीक आहे. पण बाहेर निदान २.७ व्होल्ट लागणारी एसपीआय फ्लॅश (वेगळी मेमरी चिप) जोडली असेल, तर २.७ ते १.९ या टप्प्यात प्रोसेसर जागा आणि फ्लॅश बेभरवशाची. त्यातला पीव्हीडी (सप्लाय पाहणारा आतला भाग) याच्या वर पकडतो खरा, पण तो फक्त इंटरप्ट, म्हणजे कोडला इशारा, देतो; पुढचं सगळं तुमच्या कोडवर.

म्हणून पंपरूमसाठी माझा कौल बाहेरच्या सुपरवायझरला. मॅक्स८०९ तीन पायांचा असतो, सप्लाय थ्रेशोल्डखाली (ठरलेल्या व्होल्टेजखाली) गेला की रिसेट पिन खाली ओढून धरतो आणि सप्लाय सावरल्यावरही किमान १४० मिलिसेकंद सोडत नाही. ८०५१ ला उलटा, म्हणजे हाय रिसेट लागतो. तिथे मॅक्स८१० घ्या. नावापुढचं अक्षर नीट निवडा: एल म्हणजे ४.६३, एम ४.३८, टी ३.०८, एस २.९३ व्होल्ट. ५ व्होल्ट नेमके असतील तर एल छान. पण सप्लाय शॉटकी डायोडमधून येत असेल, तर बोर्डावर साधारण ४.६५ च उरतात आणि रिले ओढला की बोर्ड रिसेट! अशा ठिकाणी एम.

कोड अडकण्याचीही भीती असेल तर टीपीएस३८२३ पाहा. त्यात साधारण १.६ सेकंदांचा वॉचडॉगही आहे: तेवढ्या वेळात कोडने थोपटलं, म्हणजे पल्स दिला नाही, तर तो रिसेट देतो. मात्र त्याला टायमर इंटरप्टमधून थोपटत बसलात तर मेन लूप मेलेला असतानाही तो शांतच राहील.

आयएसपी हेडरवरून (बोर्डावरच चिप प्रोग्रॅम करायच्या पिनांवरून) प्रोग्रॅम करायचं असेल, तर मॅक्स८०९ चं पुश-पुल आउटपुट, जे पिन वर आणि खाली दोन्हीकडे ओढतं, प्रोग्रॅमरशी झगडतं. त्यापेक्षा फक्त खाली ओढणारा, ओपन-ड्रेनवाला मॅक्स८०३ आणि पिन वर ठेवायला एक पुल-अप रेझिस्टर बरा. निवड झाली की डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) सप्लाय हळूहळू उतरवा, मध्येच थांबवा, परत चढवा, आणि रिले लोडसह हेच पुन्हा करा. नुसता स्विच चालू-बंद करून काही सिद्ध होत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) माल आणताना डेटाशीट उघडी ठेवा. तीन पायांच्या सुपरवायझरमध्ये कंपनी बदलली की पायांचा क्रमही बदलू शकतो, आणि दुकानदार 'सेमच आहे' म्हणून दुसराच हातात ठेवतो.