मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, मग शुगर कुठली तपासायची? फास्टिंग की एचबीएवनसी?

घरात कुणाला ओलान्झापिन किंवा क्लोझापिन चालू झालं असेल तर वजन, शुगर, कोलेस्टेरॉल याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवायला हवं, कारण सगळ्यात जास्त वजन वाढतं ते याच दोन गोळ्यांनी. रिस्पेरिडोन, क्वेटियापिनने मध्यम, अरिपिप्राझोलने बरंच कमी.

फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर, ती स्वस्त आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते, १०० ते १२५ आली तर डायबेटिसच्या उंबरठ्यावर आणि १२६ किंवा त्याच्या पुढे आली तर डायबेटिस, फक्त काही लक्षणं नसतील तर परत एकदा करून खात्री करतात. अडचण आठ तास उपाशी राहण्याची. या गोळ्यांनी भूक अशी खवळते की आमच्याकडे रात्री बाराला उठून डबे उघडले जायचे, सकाळी झोपेची गुंगी असतेच, त्यात कुणीतरी सवयीने साखरेचा चहा हातात देतं आणि मग तो रिपोर्ट फुकट गेला.

एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, दुपारी ओपीडीला गेलात तिथेच रक्त देऊन मोकळे, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, ५.७ टक्क्यांपासून सावध आणि ६.५ ला डायबेटिस. पैसे जास्त लागतात. पण खरी गोची वेगळीच आहे, गोळी नुकतीच चालू झाली असेल आणि शुगर झपाट्याने चढत असेल तर पहिले दोन महिने हा आकडा मागेच राहतो, सगळं नॉर्मल दिसतं. शिवाय अंगात रक्त कमी असेल तर आकडा चुकतो, लोह कमी असेल तर उगाच जास्त येऊ शकतो, आणि विदर्भात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेली घरं बरीच आहेत, त्यांनी तर यावर विसंबूच नये.

म्हणून माझं मत, गोळी चालू करायच्या आधी आणि बाराव्या आठवड्याला फास्टिंगच करा, सोबत लिपिड (म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि बीपी. नंतर दरवर्षी, हिमोग्लोबिन चांगलं असेल आणि पेशंट उपाशी राहत नसेल तर एचबीएवनसी बिनधास्त करा, टेस्ट चुकवण्यापेक्षा ती शंभर पटीने बरी.

आणि लॅबच्या आधी वजन बोलतं हो! चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला काटा बघा, पुढे दर तीन महिन्यांनी. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर मोजायची, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के वाढलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सायकियाट्रिस्टला फोन करा, गोळी बदलता येते का, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जोडता येते का हे विचारा, पण घरच्याघरी गोळी बंद करू नका, आजार उलटला तर परत सावरायला फार जड जातं.