स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप: दोन सुट्या रिंगा की एकसंध माउंट?

शिकारीला आपल्याकडे कायद्याने बंदी, त्यामुळे माझी रायफल ठाणे शहरात फक्त कागदी टार्गेटसाठी. पण स्कोप (नेम धरायची दुर्बीण) सरकण्याचा त्रास इथेही आहेच, उलट जास्त. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे जाते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे हिसका बसतो. या दुहेरी धक्क्याने ११ मिमीच्या गुळगुळीत डव्हटेलवर (रायफलच्या माथ्यावरची तिरक्या कडांची पट्टी) स्कोप हळूहळू मागे सरकतो.

स्कोप धरणाऱ्या सुट्या रिंगा हलक्या. डोळा आणि स्कोपमधलं अंतर जमवायला सोप्या. पण प्रत्येक रिंगेची पकड तोकडी. एकसंध माउंट म्हणजे दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात; त्याची पकड लांब, स्क्रू जास्त. शिवाय बऱ्याच माउंटना खाली स्टॉप पिन असते. ती रायफलवरच्या खाचेत बसली की मागे सरकणं थांबतं. स्प्रिंगच्या रायफलला मी एकसंधच घेईन. डव्हटेलऐवजी पिकाटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) असेल तर गोष्ट वेगळी: त्या खाचांमुळे सुट्या रिंगाही पुरतात.

आणि हो, पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत गंज नको म्हणून आपण तेल लावतो, तेच डव्हटेलवर घात करतं. बसवण्याआधी स्पिरिटने पुसा. रिंगेचे स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडेथोडे आवळा. एकदम आवळलात तर स्कोपची नळी चेपते.