गोष्ट पक्क्या शिलाईची, पुस्तक मात्र चिकटवलेलं

पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची पाठ पाहते. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या अलीकडच्या गल्लीत, आमचं बायंडिंगचं काम आहे. आधी बाबा करायचे, आता मी आणि आमचे हे करतो. त्यामुळे भाचीने एप्रिलमध्ये माझ्या वाढदिवसाला हा जाडजूड रंगीत खंड दिला, तेव्हा तो वाचायच्या आधी मी उघडून, दाबून, वाकवून पाहिला. ती म्हणाली, "मावशी, आधी वाचून तर पाहा जी!" वाचला. दोनदा वाचला. घ्यावा की नाही असं विचाराल तर माझं उत्तर आहे, घ्यावा; पण काही गोष्टी माहीत करून मग घ्यावा.

खंडाचं नाव 'गोइंग आउट वेस्ट'. मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या 'डेअरडेव्हिल' मासिकाचे 87 ते 107 हे अंक त्यात आहेत, म्हणजे मे 1972 ते जानेवारी 1974. शिवाय 'अ‍ॅव्हेंजर्स'चा 111 वा अंक मध्ये घातला आहे, कारण गोष्ट तिथून फिरून परत येते. पानं चारशेच्या वर. भाचीने ऑनलाइन तीन हजारांच्या आसपास मोजले. इंग्रजी सोपं आहे, पण वाक्यं लांबलचक. चित्राच्या वर चौकटीत लेखक बोलतो, खाली पात्र बोलतं आणि मधल्या फुग्यात पात्र विचारही करतं. सवय व्हायला मला चार-पाच अंक लागले.

गोष्ट आहे नताशा रोमानोव्हची, म्हणजे ब्लॅक विडोची. मुखपृष्ठावर डेअरडेव्हिलचं नाव मोठं असलं तरी मी ती तिचीच धरून वाचली. सिनेमामुळे तिला आता सगळे ओळखतात, पण कॉमिक्समधली बाई निराळी आहे. ती पहिल्यांदा आली एप्रिल 1964 च्या अंकात, आयर्न मॅनच्या विरोधात पाठवलेली सोव्हिएत हेर म्हणून. अंगात ना काळा पोशाख, ना हातात शस्त्र. भारी गाऊन आणि चेहऱ्यावर जाळी. त्याच वर्षी तिने हॉकआय नावाच्या धनुर्धाऱ्याला आपल्या बाजूला ओढलं, पुढे स्वतःच बाजू बदलली. 1970 मध्ये चित्रकार जॉन रोमिटा यांनी स्पायडरमॅनच्या अंकात तिला तो घट्ट काळा पोशाख, लाल केस आणि मनगटावरची कडी दिली. आज आपण ओळखतो ती नताशा खरी तिथून सुरू होते.

एक योगायोग सांगते. डेअरडेव्हिलचा पहिला अंकही एप्रिल 1964 चाच. एकाच महिन्याची छाप असलेली ही दोन माणसं एकमेकांना भेटतात थेट नोव्हेंबर 1971 मध्ये, 81 व्या अंकात. तो बुडत असतो आणि ती त्याला पाण्यातून बाहेर काढते. आपल्याकडे टाइम्सवाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं तेही मार्च 1964 मध्येच. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण माझं कॉमिक्स म्हणजे इंद्रजालच. शौकीन लोक बाबांकडे वेताळाचे बारा-बारा अंक घेऊन यायचे, एक खंड बांधून द्या म्हणून. अंक दुकानात आठवडाभर असायचे आणि मी ते शिलाईच्या आधी रात्री वाचून टाकायची. वेताळाची डायना मला आवडायची, पण ती सारखी निरोप द्यायची आणि वाट पाहायची. नताशा वाट पाहत नाही. पन्नाशीनंतर का होईना, अशी बाई कॉमिक्समध्ये भेटली याचा मला मनापासून आनंद झाला.

आता तिचं आणि मॅटचं. मॅट मर्डॉक म्हणजेच डेअरडेव्हिल; मुखवटा काढला की आंधळा वकील. लहानपणी किरणोत्सर्गी द्रव्य डोळ्यात गेलं, दृष्टी गेली, पण बाकीची इंद्रियं इतकी तीक्ष्ण झाली की त्याला समोरच्याच्या छातीचे ठोके ऐकू येतात. ठोका चुकला की माणूस खोटं बोलतोय हे तो ओळखतो. आणि प्रेमात पडतो कोणाच्या? जिचं अख्खं आयुष्य खोटं बोलण्याच्या कामात गेलं, तिच्या! मला या जोडीत सगळ्यात जास्त हेच धरून ठेवतं. हेराला आपलं काही लपवायला जागा लागते. इथे समोरचा माणूस तिच्या परवानगीवाचून तिच्या आत ऐकतो. लेखकाने यावर सरळ बोट ठेवलंय असं प्रत्येक वेळी नाही, पण त्यांच्या प्रत्येक भांडणात मला ते दिसत राहिलं. ती चिडते, गप्प होते, खिडकीतून दोर टाकून निघून जाते. घरातून बाहेर पडणं हीच तिच्यापाशी उरलेली एकांताची जागा.

दोघं न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येतात, तिथून हा खंड सुरू होतो. एका घरात राहतात, लग्न न करता, 1972 मध्ये. पण अमेरिकेतल्या कॉमिक्सना 1954 पासून कॉमिक्स कोड, म्हणजे काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, लागू होता आणि मुखपृष्ठावर त्याचा शिक्का लागायचा. म्हणून गोष्टीत मुद्दाम दाखवावं लागलं की दोघं वेगवेगळ्या मजल्यावर झोपतात आणि नताशाला बापाच्या मायेने सांभाळणारा इव्हान पेट्रोव्हिच सदा आसपास असतो. हा इव्हान मला फार आवडला. स्टालिनग्राडच्या लढाईत जळत्या इमारतीतून आईने खाली टाकलेलं तान्हं बाळ या सैनिकाने झेललं, ते बाळ म्हणजे नताशा. ती हकिगत याच खंडात येते. ते पान मी तिसऱ्यांदाही उघडून पाहिलं.

चित्रं जीन कोलन यांची, शंभराव्या अंकापर्यंत बहुतेक त्यांचीच. शाईचं काम बऱ्याच अंकांत टॉम पामर यांचं. कोलन सरळ चौकट काढतच नाहीत. चौकटी तिरक्या, एकमेकींत घुसलेल्या, आणि सावली इतकी गडद की माणूस अंधारातून अर्धाच बाहेर येतो. नताशा छपरावरून उडी घेते तेव्हा तिचे केस आधी दिसतात, चेहरा मागून. या एका कारणासाठीसुद्धा खंड घ्यावा असं मी म्हणेन.

लेखन मात्र वरखाली आहे. जेरी कॉनवे यांचे सुरुवातीचे अंक मनाला लागतात. पर्पल मॅन, मिस्टर फिअर हे खलनायक भीतीशी आणि मनावरच्या ताब्याशी खेळतात, त्यामुळे नताशाच्या भूतकाळाला तिथे जागा मिळते. काही अंकांत मात्र ती नुसतीच वाचवायची वस्तू होते आणि तेव्हा मला राग आला. पुढे स्टीव्ह गर्बर येतात आणि गोष्ट अंतराळापर्यंत जाते. मूनड्रॅगन येते, थॅनोसही डोकावतो. तो भाग मी भराभर उलटला. पण गर्बर यांच्याच 99 व्या अंकात हॉकआय परत येतो आणि तिच्यावरून दोन पुरुष हातघाईवर येतात. नताशाला ते मुळीच पटत नाही. लगेचच ती अ‍ॅव्हेंजर्सबरोबर कामाला निघते, काही काळ तिथेच राहते, मग स्वतःच्या मनाने परतते. म्हणूनच तो दुसऱ्या मासिकाचा अंक खंडात घातला ते फार चांगलं केलं. तो नसता तर तिचा हा निर्णय वाचकाला दिसलाच नसता, नुसती ती गायब झालेली दिसली असती.

या काळात मासिकाच्या मुखपृष्ठावर दोघांचं नाव छापलं जाऊ लागलं, 'डेअरडेव्हिल अँड द ब्लॅक विडो'. भाचीला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं. पाठीवर कोणाचं नाव बसवायचं हा माझा रोजचा धंदा आहे. सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांचे ऑल इंडिया रिपोर्टरचे, म्हणजे कोर्टाचे निकाल छापणाऱ्या नियतकालिकाचे, खंड आमच्याकडे येतात. रिपोर्टर निघतं आपल्या नागपुरातूनच, त्यामुळे ते काम बाबांपासून आहे. सुटे अंक जुळवायचे, शिवायचे, रेक्झिन चढवायचं आणि शेवटी पाठीवर सोनेरी फॉइलने वर्ष आणि वकिलाचं नाव. एक अक्षर तिरकं बसलं तर खंड परत येतो. आणि आमच्या स्वतःच्या बिलबुकावर मात्र कित्येक वर्षं एकट्या ह्यांचं नाव होतं. शिलाई माझी, फॉइल माझं, बिल ह्यांच्या नावाने. 2009 मध्ये नवीन बिलबुकं छापायला टाकली तेव्हा हे स्वतःच म्हणाले, "तुझंही टाकू या." मी प्रेसवर उभी राहून पहिला कागद निघताना पाहिला. त्यामुळे मुखपृष्ठावर 'अँड' लिहून दुसरं नाव येणं ही काय गोष्ट असते, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

पुढे मासिकाच्या मुखपृष्ठावरून नताशाचं नाव काढलंही. आणि 124 व्या अंकात, ऑगस्ट 1975 मध्ये, नताशा मॅटला सोडून जाते. त्याच्या सावलीत राहायचं नाही म्हणून जाते. प्रेम आटलं म्हणून नाही, असं मी तरी वाचलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या छापाने 'चॅम्पियन्स' हे नवं कॉमिक सुरू होतं. लॉस एंजेलिसमधल्या त्या तुकडीची ती प्रमुख. 17 अंक चाललं ते. ज्यांना वाटतं नताशा म्हणजे कोणाच्या तरी बाजूला उभी राहणारी बाई, त्यांनी ते जरूर पाहावं.

पण यातलं काही या खंडात नाही! ही माझी पहिली तक्रार. पहिली भेट आधीच्या खंडात, ताटातूट पुढच्या अंकांत, आणि आपल्या हातात मधला संसार. मला 81 ते 86 आणि 108 च्या पुढचे अंक भाचीच्या टॅबवर वाचावे लागले. तुम्ही नवीन असाल तर आधीचा 'अ वुमन कॉल्ड विडो' हा खंड सोबत घ्या, नाहीतर हे दोघं न्यूयॉर्क सोडून का आले हेच कळणार नाही.

दुसरी तक्रार बांधणीची, आणि ती मी हक्काने करते. हा खंड जुजबंदी शिलाईचा, म्हणजे घडीचे कागद दोऱ्याने शिवून बांधलेला, नाही. सुटी पानं पाठीकडून कापून गरम डिंकाने चिकटवलीत, वर जाड मुखपृष्ठ. त्यामुळे चित्राचा आतला भाग पाठीच्या खोबणीत जातो. कोलन यांची दोन पानांवर पसरलेली चित्रं असतील तिथे नेमका मधला चेहरा गिळला जातो. पुस्तक सपाट उघडत नाही आणि जोर लावला तर पाठीवर पांढरी रेघ उमटते. नागपूरकरांसाठी आणखी एक. हा डिंक उष्णतेने मऊ होतो. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत पुस्तक ठेवलंत तर पानं सुटलीच समजा. आणि कुलरसमोर वाचू नका. मी दोन दुपारी तसं वाचलं, तर गुळगुळीत कागद ओल धरून कडेला लाटांसारखा उठला. वजनाखाली चार दिवस ठेवला तेव्हा बराचसा बसला, पूर्ण नाही.

पहिल्यांदा उघडताना असं करा. पुस्तक पाठीवर उभं धरायचं, आधी पुढचं मुखपृष्ठ टेबलावर टेकवायचं, मग मागचं, मग दोन्हीकडून दहा-दहा पानं हलक्या बोटाने दाबत मधे यायचं. दहा मिनिटं लागतात. पाठ सगळीकडे सारखी सैल होते आणि एकाच जागी तुटत नाही.

कुरिअरने पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आणून दिला, वरचा कोपरा दुमडलेला. भाचीला वाईट वाटलं. मी त्या कोपऱ्याला खळ लावून, मधे मेणकागद घालून रात्रभर दाबात ठेवला. आता नीट बघितल्याशिवाय कळत नाही. मागवताना विकणाऱ्याला पुठ्ठ्यात बांधून पाठवायला सांगा, सांगितलं की बरेच जण ऐकतात.

आधीचा खंडही आम्ही मागवलाय. तो आला की दोन्हींची मुखपृष्ठं जपून काढून घेणार, पाठ घासून पानं पंख्यासारखी पसरून पांढरा डिंक दोन्ही बाजूंनी भरणार, म्हणजे खोबण थोडी उघडेल, आणि कडक पुठ्ठा चढवणार. रेक्झिन काळं. पाठीवर नावं दोन, एकाच मापाच्या टाइपात. भाचीने विचारलं, वर कोणाचं? मी टाइप जुळवून ठेवलाय, वर नताशाचं आहे.