गरिबी मोजायची कशाने: खर्चाने की वंचिततेने?

जिल्ह्यातल्या गरिबीवर प्रबंध किंवा संस्थेचा अहवाल लिहायला बसलं की पहिला पेच हाच पडतो. माणूस महिन्याला किती खर्च करतो ते पाहायचं, की त्याच्या घरात काय काय नाही ते?

खर्चाची वाट जुनी, आणि तिचा एक मोठा टप्पा पुण्यात आहे. गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली रोजचे २२५० उष्मांक धरून हिशेब मांडला: १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये. पुढे तेंडुलकर समितीच्या दारिद्र्यरेषेनुसार देशातली गरिबी २००४-०५ मधल्या ३७.२ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये २१.९ टक्क्यांवर आली. रंगराजन समितीने मात्र त्याच २०११-१२ साठी २९.५ टक्के सांगितले. वर्ष एकच, रेषा वेगळी! म्हणून कल दाखवताना रेषा मध्येच बदलू नका. शिवाय २०१७-१८ची खर्चाची पाहणी सरकारने जाहीर केली नाही आणि २०२२-२३ला प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली, एकाच घरी तीनदा जाऊन माहिती घेतली. २०११-१२ आणि २०२२-२३ ही दोन टोकं सरळ रेषेने जोडणं धोक्याचं आहे.

दुसरी वाट वंचिततेची. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात १२ निकष आहेत: पोषण, शाळा, चुलीचं इंधन, शौचालय, बँक खातं वगैरे. प्रत्येक निकषाला ठरावीक वजन, म्हणजे भारांक, असतो; भारांकाने एक तृतीयांश वंचितता भरली की घर गरीब. २०१५-१६ मध्ये देशात २४.८५ टक्के, २०१९-२१ मध्ये १४.९६, महाराष्ट्रात १४.८० वरून ७.८१. आधार राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, त्यामुळे आकडा जिल्ह्यापर्यंत उतरतो. खर्चाच्या पाहणीचा नमुना आजवर जिल्ह्याला पुरेसा नव्हता. नंदुरबारवर लिहिणाऱ्याचा निर्णय इथेच होतो.

कारणं शोधायलाही हाच निर्देशांक बरा, कारण तो निकषवार सुटा करता येतो. पण तो सुटा करायलाच हवा. शौचालय, गॅस, खातं ही कामं योजनेतून झटपट होतात. पोषण तसं होत नाही. बँक खात्याचा भारांक २१ मध्ये १, पोषणाचा ६ मध्ये १. तरीही खातं, वीज, गॅस असं दोन-तीन ठिकाणी एकदम सुधारलं की घर गरिबीतून बाहेर पडलेलं दिसतं, मूल मात्र कुपोषितच असू शकतं. एकूण टक्का छापून थांबणारे अहवाल मला म्हणूनच खटकतात. खात्यात पैसा आहे का, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची मजुरी किती वाढली, हे त्या टक्क्यात नाही. महागाई, खर्चातली विषमता हा तुमचा विषय असेल तर खर्चाचीच आकडेवारी घ्या आणि राज्याच्या पातळीवर थांबा.

जिल्ह्यासाठी मी निर्देशांक घेईन, तोही निकषवार तक्ता करून, पोषणाचा रकाना सगळ्यात वर ठेवून. पिवळ्या शिधापत्रिका मोजून गरिबी काढू नका; ती लाभार्थ्यांची यादी आहे.